माठातले पाणी गार होत नाही

काकूंना सादर नमस्कार. आम्ही जालन्याचे. माझे यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात होते. गेल्या सप्टेंबरात त्यांना टांझानियातल्या दारेसलाम शहरात तशीच नोकरी मिळाली आणि सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा व पाच वर्षांची मुलगी यांच्यासह आम्ही इथे आलो. निघताना सगळे म्हणाले, ‘जालन्याच्या उन्हात वाढलेल्यांना आफ्रिकेचे काय भय?’ पण सात महिन्यांत माझे घर माझ्या हातात राहिलेले नाही. कपाटातल्या साड्यांवर बुरशी येते, ज्वारीत सोंडे होतात, भाकरी थापली की चिरते, मुलांच्या अंगावरचे घामोळे जात नाही. हिवतापाच्या भीतीने मी दिवसभर खिडक्या लावून घेते. यजमान सकाळी सातला जातात ते संध्याकाळी सातला येतात. मुलगा भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जातो, पण घरी आल्यावर मराठीत बोलत नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गप्प बसून असतात आणि जालन्याहून आणलेल्या माठातले पाणी गार होत नाही म्हणून रोज हळहळतात. परवा मुलीने कामाला येणाऱ्या बाईंना ‘दादा’ अशी हाक मारली, तेव्हा पोरीची भाषाच बिघडली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पाडव्याची गुढी पावसात भिजली त्या दिवशी माझ्या मनाने घेतले की मुलांना घेऊन परत जावे. यजमान म्हणतात, आईला धाकट्या भावाकडे जालन्याला पाठवू, म्हणजे तुझा भार कमी होईल. मी काय करावे?

— एक वाचक, सध्या दारेसलाम

ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्या तक्रारींमध्ये आत्याबाईंची माठाची तक्रार मला सर्वांत मोलाची वाटली, कारण तुमच्या घरात जे चालले आहे त्याचे मूळ त्यांनी नेमके हेरले आहे. माठातले पाणी गार होते ते मातीतून बाहेर झिरपलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर गेला तरी हवा इतकी कोरडी असते की माठ गार राहतो, आणि आपले अंगही माठासारखेच वागते, म्हणजे घाम येताच वाळतो व अंगातली उष्णता घेऊन जातो. दारेसलामला पारा ३२ अंशांच्या फारसा वर चढत नाही, पण समुद्रावरून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिच्यात आणखी पाणी उडायला जागा नसते, म्हणून माठही गार होत नाही आणि माणसाचा घामही वाळत नाही. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेलाच आहे, म्हणजे शाळेच्या भूगोलाप्रमाणे जालना आणि दारेसलाम दोन्ही उष्ण कटिबंधातच येतात. तरीही तुम्हाला निरोप देणाऱ्यांचा अंदाज चुकला, कारण त्यांनी ऊन मोजले आणि हवेतला ओलावा मोजायचा राहिला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे मी परभणी सोडून २००९ ते २०१४ अशी पाच वर्षे याच शहरात संसार केला आहे, आणि पहिल्या वर्षी तुमच्यासारखीच हरले होते. तुम्ही लिहिता की घर हातात राहिलेले नाही. माझे मत वेगळे आहे. घर तुमच्या हातात आहे, पण त्याची घडी अजून जालन्याच्या कोरड्या हवेची आहे. ती समुद्रकाठी टिकत नाही आणि टिकत नाही याचा दोष तुम्ही स्वतःला देता.

कपाटापासून सुरुवात करा. आपल्याकडे धूळ येऊ नये म्हणून कपाट घट्ट लावून ठेवण्याची शिस्त असते. तिथे तेच कपाट बुरशीचे माहेर होते. ते भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, दिवसाचे काही तास दारे उघडी ठेवा, खालच्या कप्प्यात एका टोपलीत कोळसे ठेवा आणि ते अधूनमधून उन्हात तापवून परत ठेवा. रेशमी साड्या पुढच्या सुट्टीत जालन्याला परत नेऊन ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दारेसलामला त्या नेसल्या जात नाहीत आणि खराब झाल्या की जीव हळहळतो. बाहेर दोरीवर वाळवलेल्या प्रत्येक कपड्यावर, अगदी मुलांच्या चड्ड्यांवर आणि टॉवेलवरसुद्धा, दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. ओलसर कपड्यांवर अंडी घालणारी एक माशी त्या भागात आहे. तिच्या अळ्या कातडीत शिरतात आणि गळवासारखी गाठ येते. इस्त्रीच्या उष्णतेने ती अंडी मरतात. घामोळ्यासाठी सैल सुती कपडे, दिवसातून दोनदा साध्या पाण्याची आंघोळ आणि पंखा एवढे बहुतेक वेळा पुरते. मात्र कडेने वाढत जाणारे गोल चट्टे दिसले तर तो नायटा असतो, आणि त्यावर दुकानातून आणलेले कोणतेही मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे, कारण अनेक मलमांत स्टेरॉईड असते, त्याने चट्टा आधी फिका पडतो आणि नंतर अधिक पसरतो.

भाकरीचे दुःख मी समजू शकते, कारण ज्वारीची भाकरी नीट जमली नाही तर आपल्याला जेवल्यासारखे वाटत नाही. तुम्ही बहुधा जालन्याहून पीठ किंवा बरीच ज्वारी एकदम आणली आहे. दमट हवेत पिठाची विरी फार लवकर जाते आणि मग भाकरी कडेने चिरते. पीठ साठवू नका. ज्वारी तिथेच मिळते, तिला स्वाहिलीत ‘म्तामा’ म्हणतात आणि ती देशाच्या मध्यभागी, डोडोमा व सिंगिडा या कोरड्या भागांत पिकते. त्यातले लाल दाणे तुरट असतात, म्हणून कारियाकूच्या बाजारातून पांढरी निवडून घ्या, आठवड्यापुरती दळून आणा, पीठ फ्रिजमध्ये ठेवा आणि उकळत्या पाण्यात मळा. मालदांडी ज्वारीची गोडी त्या भाकरीला येणार नाही, पण ती चिरणार नाही. चवळी-माठासारखी ‘म्चिचा’ नावाची पालेभाजी तिथे रोज ताजी मिळते, आणि शेंगदाण्याची चटणी व येसर यांना तर कुठलाच देश परका नाही; फक्त येसर एकदम किलोभर न करता वाटीभर करा.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटली तिच्याकडे येते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातली बाई पाणी दिसले की घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवते. ही आपली सवय आहे आणि मराठवाड्यात ती शहाणपणाची आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते पाहिलेल्या पिढीला उघडे पातेले रिकामे ठेवणे जमत नाही. पण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. २०१४ साली दारेसलामला डेंग्यूची मोठी साथ आली तेव्हा आम्ही तिथेच होतो, आणि आमच्या घरातल्या दोघांना तो झाला. घराच्या मागे मीच भरून ठेवलेल्या दोन पिंपांत अळ्या वळवळत होत्या. २०१९ सालीही तिथे अशीच साथ आली होती. तेव्हा पाणी साठवायचेच असेल तर घट्ट झाकणाच्या टाकीत साठवा, आणि आपल्याकडे आरोग्य खात्याचे लोक सांगतात तसा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. त्या दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, बादल्या सगळे रिकामे करून घासायचे.

हिवतापाचा डास वेगळा. तो मुख्यतः अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून त्याच्यासाठी दिवसा खिडक्या बंद करून उपयोग काहीच होत नाही; उलट कोंडलेल्या दमट घरात बुरशी वाढते, घामोळे वाढते आणि मनही कोंदटते. घरमालकाशी बोलून सर्व खिडक्यांना बारीक जाळी बसवून घ्या आणि त्या दिवसभर उघड्या राहू द्या. रात्री प्रत्येक अंथरुणावर औषध लावलेली मच्छरदाणी हवी, तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात, आणि यात आत्याबाईंचाही अपवाद नको, ‘मला काही होत नाही’ असे त्या म्हणाल्या तरी. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. तिथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो, लहान मुलांत तो एका दिवसात गंभीर होऊ शकतो, आणि तुमच्या मुलांच्या अंगी त्याची प्रतिकारशक्ती नाही. तपासणीत काही निघाले नाही पण ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज तापाची दुसरी गोळी, विशेषतः ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, देऊ नका. आणि सुट्टीत जालन्याला आलात आणि इथे आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही टांझानियातून आलो आहोत. हे न सांगितल्यामुळे साधा विषाणूजन्य ताप समजून दिवस वाया जातात.

गुढी भिजली याचे तुम्हाला इतके वाईट वाटले, ते साहजिक आहे. दारेसलाम विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपले सण तिथे वेगळ्याच ऋतूत येतात. मार्च ते मे हा ‘मासिका’ म्हणजे मोठ्या पावसाचा काळ, ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘वुली’ म्हणजे छोट्या पावसाचा. पाडवा मोठ्या पावसात सापडतो आणि दिवाळी छोट्या पावसात. अक्षय्य तृतीयेला आंबा मिळणार नाही, तो डिसेंबरच्या सुमारास भरपूर मिळेल. आमच्याकडे मी शेवटी असे ठरवले की तिथी पंचांगाची आणि ताटातले पदार्थ तिथल्या ऋतूचे. संक्रांतीला आमरस करताना पहिल्या वर्षी संकोच वाटला, पुढे मुले त्याची वाट पाहू लागली. गुढी व्हरांड्यात, छपराखाली उभारा. कडुनिंब तर त्या शहरात जागोजागी आहे. त्याला स्वाहिलीत ‘म्वारोबाईनी’ म्हणतात. ‘अरोबाईनी’ म्हणजे चाळीस, आणि चाळीस आजारांवरचे औषध म्हणून ते नाव पडले. पाडव्याला निंबाचे पान खाणाऱ्या आत्याबाईंना हे अवश्य सांगा.

भाषेविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते वाचताना माझ्या मनात आनंदच दाटून आला. तुमची मुलगी चुकलेली नाही. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘मामा’ म्हणजे आई, ‘बाबा’ मात्र बाबाच, आणि आजीला ‘बीबी’ म्हणतात. घरी कामाला येणाऱ्या मुलीला आदराने ‘दादा’ म्हणण्याची तिथे रीतच आहे. तिने त्या बाईंना ताई म्हटले, इतकेच. शिवाय स्वाहिलीत अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्द इतके आहेत की मराठवाड्याच्या माणसाला ती इतर मराठी माणसांपेक्षा अधिक जवळची वाटावी. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आपल्या आजोबांच्या शाळा उर्दूत होत्या, आणि आपल्या घरांतली जुनी माणसे आजही हिसाब, वखत, दवा, खबर, कलम असे शब्द सहज बोलतात. स्वाहिलीत हिशोबाला ‘हेसाबू’, वेळेला ‘वाकाती’, औषधाला ‘दावा’, बातमीला ‘हबारी’, लेखणीला ‘कलामू’ म्हणतात. दुकान ‘दुका’ आहे, साबण ‘साबुनी’, सरकार ‘सेरिकाली’, रंग ‘रांगी’ आणि कांदा-टोमॅटोचे कचुंबर ‘काचुंबारी’. एका वहीत आत्याबाईंनी आपला शब्द सांगावा आणि मुलाने त्याचा स्वाहिली जोडीदार शोधून दोन्ही देवनागरीत लिहावेत, असा रोज अर्ध्या तासाचा उद्योग मी तुम्हाला सुचवते. मराठीत बोल असा धाक घातल्याने मुलगा बोलणार नाही. आजीकडे असे काही आहे जे शाळेत मिळत नाही, हे कळले तर बोलेल. ही वही पुढेही उपयोगी पडेल, कारण २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे, आणि उद्या परतलात तर त्याला लिहिता-वाचता यायलाच हवे.

आत्याबाईंना परत पाठवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. हे मी थोड्या दुखऱ्या मनाने लिहिते आहे. माझ्या सासूबाईंना आम्ही दहाव्या महिन्यात परभणीला पाठवले. त्यांच्या भल्यासाठी म्हणून पाठवले, पण पाठवण्याआधी त्यांना विचारले नाही, आणि ‘मी तुम्हाला जड झाले का?’ हा त्यांचा प्रश्न माझ्याजवळ आजही तसाच आहे. तुमच्या यजमानांनी आणि तुम्ही एकत्र बसून त्यांना विचारावे, आणि त्यांनी ‘जाते’ म्हटले तर ते खरेच जायचे आहे म्हणून की तुमची ओढाताण पाहवत नाही म्हणून, हेही विचारावे. त्या गप्प आहेत कारण जालन्यात त्यांच्याकडे वाळवणाची, निवडण्या-टिपण्याची, शेजारच्या सुनांना सल्ला देण्याची कामे होती आणि दारेसलामला त्यांना कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी त्यांना अंगणात खुर्ची टाकून बसवा. जाणारी-येणारी मुले त्यांना ‘शिकामू’ म्हणतील. हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार आहे, त्याचे उत्तर ‘मराहबा’ असे द्यायचे. त्या देशात म्हाताऱ्या माणसाला ओलांडून कोणी पुढे जात नाही. चार दिवस हे चालले की आत्याबाई स्वतःच खुर्ची मागतील. तिथे दिवेलागणीची वेळ वर्षभर जवळपास सारखी, साडेसहाच्या आगेमागे असते आणि अंधार झपकन पडतो, तेव्हा मच्छरदाणीआधीच्या या तासाला लांब बाह्यांचे कपडे घालूनच बसायचे.

तुम्हीही बाहेर पडा. तिथल्या तीनचाकी रिक्षाला ‘बजाजी’ म्हणतात, आणि आपल्या वाळूजच्या कारखान्यात अशा रिक्षा तयार होतात, एवढे आठवले तरी तिच्यात बसताना परके वाटणार नाही. भाडे आधी ठरवा. वेळ ठरवताना मात्र सावध राहा, कारण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या प्रहरांसारखे. ‘सा मोजा’ म्हणजे पहिला तास, घड्याळात सकाळचे सात. बाजारात ‘म्बाझी’ मागा, ती तूर आहे. तिथे सकाळच्या न्याहारीला नारळाच्या दुधात शिजवलेली तूर खातात. टांझानियाच्या दक्षिणेकडे, लिंडी व म्त्वारा भागांत पिकणारी तूर भारतात येते. ऑगस्ट २०१७ मध्ये, आपल्याकडे तुरीचे अमाप पीक येऊन भाव पडले असताना, भारताने आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांचेही भाव कोसळले. लातूरच्या आडतीत तूर घेऊन उभ्या असलेल्या आपल्या माणसाचे आणि त्यांचे दुःख एकाच शेंगेतले आहे. शेजारणीशी बोलायला विषय हवा असेल तर मला याहून चांगला सुचत नाही.

यजमानांना माझे दोन शब्द सांगा. बारा तासांची नोकरी ते तुमच्यासाठीच करतात हे खरे, पण वीजमीटरचे ‘लुकू’ टोकन भरणे, मोबाइलवरून पैसे देणे, डॉक्टरांचा व वाहनाचा क्रमांक, पारपत्रांच्या व परवान्यांच्या प्रती कुठे आहेत, हे सगळे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात राहता कामा नये. त्यांनी येत्या एका रविवारी हे तुम्हाला हाताला धरून शिकवावे. त्यांच्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या पासवर तुम्हाला तिथे नोकरी करता येत नाही. म्हणून तर घरखर्चाची ठराविक रक्कम तुमच्या स्वतःच्या फोनवर असणे अधिकच आवश्यक आहे.

आणि परत जाण्याविषयी. एप्रिलच्या पावसात हा निर्णय घेऊ नका, कारण वर्षातला सर्वांत ओला महिना तो आहे आणि तुम्ही अजून तिथला चांगला ऋतू पुरता पाहिलेलाच नाही. जून ते सप्टेंबर हवा उतरते, पाऊस तुरळक होतो, दक्षिणेकडून ‘कुसी’ नावाचा वारा वाहतो आणि रात्री पारा २० अंशांच्या खाली येतो. तो काळ काढा, मुलाचे शालेय वर्ष मार्चअखेर पूर्ण होऊ द्या, आणि डिसेंबर-जानेवारीत चौघे मोठ्यांसारखे बोलायला बसा. चौथा म्हणजे तुमचा मुलगा, त्यालाही बोलू द्या. मध्यंतरी कोणाची प्रकृती खरोखर ढासळली, किंवा घर उघडूनही तुमचे मन महिनोन्‌महिने उभारी धरेना, झोप आणि जेवण तुटले, तर मात्र कशाचीही वाट न पाहता डॉक्टरांना भेटा आणि परत या. तो पराभव ठरत नाही.

तोवर माठ फेकू नका. त्यात पाणी भरण्याऐवजी उन्हात कडकडीत तापवून कोरडे मीठ किंवा चिंच तोंड बांधून ठेवा, आणि पिण्याचे पाणी उकळून फ्रिजमध्ये. जुलैत वारा सुटला की वाळवण करता येईल. कुरडयांसाठी गहू किती दिवस भिजवायचा, चीक किती दाट ठेवायचा, हे आत्याबाईंना आत्ताच विचारून ठेवा, आणि माश्यांपासून झाकायला पातळ कापडाचे दोन मोठे तुकडे कारियाकूहून आणा.